बदलीचा माणूस : खालिद जमील यांची कारकीर्द

१ ऑगस्ट २०२५ रोजी अखिल भारतीय फुटबॉल महासंघाने भारताच्या पुरुष संघाचे मुख्य प्रशिक्षक म्हणून खालिद जमील यांचे नाव जाहीर केले. अंतिम यादीत तिघे होते. इंग्लंडचे स्टीफन कॉन्स्टंटाइन, स्लोव्हाकियाचे स्तेफान तारकोविच आणि मुंबईचे खालिद. यातले कॉन्स्टंटाइन या खुर्चीवर आधी दोनदा बसून गेलेले. तरी निवड खालिद यांची झाली. १३ वर्षांनी भारतीय संघाला भारतीय प्रशिक्षक मिळाला.

त्या दिवशी रोहा-धाटावकडच्या आमच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांवर मुबारकबादीचा पाऊस पडला. एका पोस्टरवर फोटो आणि खाली एकच ओळ होती : दारू कंपनीच्या पैशाला नकार देणारा मुसलमान खेळाडू. एकाने तर ते मूळचे श्रीवर्धनकडचे आहेत, असे ठोकूनच दिले. (नाहीत. कुटुंब पंजाबी आहे.) आनंद साहजिक होता. खटकले ते एवढेच, की आठ दिवस फिरलेल्या त्या सगळ्या मजकुरात या माणसाने प्रशिक्षक म्हणून नेमके काय काम केले, याची एक ओळही नव्हती. दारूचा नकार ही त्यांच्या आयुष्यातली एक घटना आहे. काम मात्र सोळा वर्षांचे आहे, आणि ते समजून घ्यायचे तर मुंबईच्या कंपनी-फुटबॉलपासून सुरुवात करावी लागते. त्याआधी कुवेतपासून.

खालिद यांचा जन्म २१ एप्रिल १९७७ चा, कुवेतमधला. बालपण तिथेच गेले. २ ऑगस्ट १९९० ला सद्दाम हुसेनचे सैन्य कुवेतमध्ये घुसले, आणि पुढे युद्ध झाले. या उलथापालथीत जी असंख्य भारतीय कुटुंबे बसवलेले घर सोडून परतली, त्यांत हे एक होते. रायगड-रत्नागिरीच्या वाचकाला हे वर्ष समजावून सांगण्याची गरज नाही. रोहा, माणगाव, म्हसळा, श्रीवर्धन या पट्ट्यात ज्यांच्या घरातले कोणी तेव्हा कुवेतला होते, त्यांना तो ऑगस्ट अजून आठवतो. पत्र नाही, फोन नाही, रेडिओला कान लावून बसलेली घरे, आणि मग अम्मानहून एक-एक करून परतलेली माणसे. कोणाच्या हातात एक बॅग, कोणाच्या हातात तीही नाही. ऑगस्ट ते ऑक्टोबर या काळात एअर इंडियाने लाखाहून अधिक भारतीयांना अम्मानहून मायदेशी आणले. परतलेल्यांपैकी काहीजण पुन्हा आखातात गेले, काहींनी इथेच रिक्षा घेतली, दुकान टाकले, आणि काहीजण धाटावच्या एमआयडीसीतल्या रसायनांच्या कारखान्यांत लागले.

खालिद यांचे कुटुंब मुंबईत आले. मुलगा फुटबॉल खेळत होता, आणि सुदैवाने त्या काळच्या मुंबईत फुटबॉल खेळणाऱ्या मुलाला नोकरी मिळत असे.

हे वाक्य आजच्या मुलांना विचित्र वाटेल. मुंबईचे फुटबॉल हे कंपन्यांचे फुटबॉल होते. कलकत्त्यात क्लब होते आणि त्यांच्यामागे मोहल्ले, जाती, फाळणीचे विस्थापित उभे होते. गोव्यात खाणमालकांचे संघ होते. मुंबईत टाटा, महिंद्र, मफतलाल, ओर्के मिल, रेल्वे, एअर इंडिया असे संघ होते. मुलगा चांगला खेळला की कंपनी त्याला हजेरीपटावर घेई. सकाळी सराव, मग काम, पगार महिन्याला. आणि या सगळ्याच्या मध्यभागी कूपरेजचे मैदान आणि १८९१ पासून खेळली जाणारी रोव्हर्स चषक स्पर्धा. १९३७ साली हा चषक पहिल्यांदा भारतीय संघाने जिंकला तो बंगलोर मुस्लिम्स या संघाने. १९४० ला कलकत्त्याच्या मोहम्मडन स्पोर्टिंगने जिंकला. आणि १९५० ते १९५४ अशी सलग पाच वर्षे हैदराबाद सिटी पोलीस संघाने तो उचलून नेला. त्या संघाचे प्रशिक्षक होते सय्यद अब्दुल रहीम. त्यांच्याकडे पुन्हा यावे लागेल.

खालिद १९९७ मध्ये महिंद्रकडे आले. १९९८ मध्ये एअर इंडियाकडे गेले. ज्या विमान कंपनीने आठ वर्षांपूर्वी कुवेतवाल्यांना घरी आणले, तिच्याच संघाचा शर्ट घालून कुवेतहून परतलेला हा मुलगा मधल्या फळीत खेळू लागला. भारतीय संघातही निवड झाली. २००२ मध्ये ते पुन्हा महिंद्रकडे आले, तोवर संघाचे नाव महिंद्र युनायटेड झाले होते. २००५-०६ च्या मोसमात या संघाने राष्ट्रीय फुटबॉल लीग जिंकली. मुंबईच्या संघाने ती जिंकण्याची ती पहिली आणि शेवटची वेळ. खालिद त्या काळात दुखापतींशी झगडत होते.

दारूचा प्रसंग याच वर्षांतला. ईस्ट बंगाल आणि मोहन बागान या कलकत्त्याच्या दोन्ही मोठ्या क्लबांकडून त्यांना बोलावणे आले. दोन्ही क्लबांच्या नावामागे तेव्हा विजय मल्ल्या यांच्या उद्योगसमूहाची दारूची नावे लागत. एकाच्या पुढे किंगफिशर, दुसऱ्याच्या पुढे मॅकडॉवेल. खालिद गेले नाहीत, आणि कारण हेच होते, असे फुटबॉलच्या पत्रकारांनी लिहून ठेवले आहे. भारतीय फुटबॉलपटूला नाव आणि पैसा दोन्ही कलकत्त्यातच मिळत होते, हे लक्षात घेतले की या नकाराची किंमत कळते. त्यांनी त्याचा गाजावाजा केला नाही. म्हणून मीही इथे त्यावर अधिक लिहीत नाही. पोस्टरवाल्यांनी पुरेसे लिहिले आहे.

आता एका इंग्रजाकडे वळू. डेव्हिड बूथ हे बार्न्सली आणि ग्रिम्सबी टाउन या संघांचे जुने खेळाडू. पुढे ग्रिम्सबीचेच मॅनेजर झाले. इंग्लंडमध्ये हा शब्द प्रशिक्षकापेक्षा मोठ्या अर्थाने वापरतात. संघ कसा खेळेल हे मॅनेजर ठरवतोच, पण कोणाला विकत घ्यायचे आणि कोणाला काढायचे हेही तोच ठरवतो. खेळणे संपले की मॅनेजर व्हायचे, ही तिकडची रुळलेली वाट. त्याचा सर्वांत गाजलेला वाटसरू म्हणजे ब्रायन क्लफ. मिडल्सबरो आणि संडरलंडसाठी २७४ लीग सामन्यांत २५१ गोल करणारा हा आघाडीचा खेळाडू १९६२ च्या नाताळच्या दुसऱ्या दिवशी गुडघा फुटून मैदानावर कोसळला. कारकीर्द जवळपास तिथेच आटोपली. तीस वर्षांच्या वयात, १९६५ मध्ये, त्याने हार्टलपूल्स नावाच्या तळातल्या संघाची जबाबदारी घेतली. १९७२ मध्ये डर्बी काउंटीला इंग्लंडचे विजेतेपद, आणि १९७७ मध्ये नुकत्याच वरच्या श्रेणीत आलेल्या नॉटिंगहॅम फॉरेस्टला १९७८ मध्ये थेट विजेतेपद. त्यानंतर सलग दोन युरोपियन चषक. यातला १९७९ चा अंतिम सामना आपल्याशी दूरचे नाते सांगतो. फॉरेस्टने ज्या स्वीडिश माल्मो संघाला १-० ने हरवले, त्याचे प्रशिक्षक होते बॉब हाउटन. इंग्रजच. हेच हाउटन पुढे २००६ ते २०११ भारताचे प्रशिक्षक होते आणि त्यांच्या काळात भारत १९८४ नंतर पहिल्यांदा आशियाई चषकाला पात्र ठरला.

बूथ काही क्लफ नव्हते. पण मुंबईच्या फुटबॉलला त्यांनी बरेच दिले. आधी महिंद्र युनायटेड, आणि २००७ मध्ये एस्सेल उद्योगसमूहाने मुंबई एफसी हा नवा क्लब काढला तेव्हा त्याचे पहिले प्रशिक्षक बूथच. खालिद महिंद्र सोडून या क्लबात आले. २००८ मध्ये संघ दुसऱ्या श्रेणीतून आय-लीगमध्ये चढला. खालिद यांचे शरीर मात्र साथ देईना. २००९ मध्ये बूथ गेले, आणि क्लबने त्यांच्या जागी या ३२ वर्षांच्या खेळाडूला बसवले. काल ज्यांच्या शेजारी कपडे बदलत होते, त्यांनाच आज बाकावर बसवायचे की मैदानात उतरवायचे, हे ठरवायचे काम.

मुंबई एफसीमध्ये खालिद सात मोसम राहिले. या सात वर्षांविषयी कोणी लिहीत नाही, कारण त्यांत चषक नाही. मला ती त्यांच्या कारकिर्दीतली सर्वांत महत्त्वाची वर्षे वाटतात. क्लबकडे पैसा बेताचा. चांगला खेळाडू तयार झाला की गोव्याचा किंवा कलकत्त्याचा क्लब त्याला घेऊन जाई. कूपरेजचे काम चालू असताना तर घरचे मैदानही मुंबईत नव्हते. ‘घरचे’ सामने पुण्याला बालेवाडीत, आणि प्रेक्षक मोजके. दर मोसमात तळाच्या दोन-चार संघांत मुंबई एफसीचे नाव निघे आणि दर मोसमात हा संघ खाली न पडता वाचे. सातही वर्षे. पद्धत ठरलेली. मागे दाट बचाव, कमी गोल खायचे, लांब चेंडू, फ्रीकिक आणि कॉर्नरवर मेहनत, आणि एक गोल मिळाला की दार लावून घ्यायचे. रटाळ फुटबॉल म्हणून टीका झाली, आणि पाहायला ते खरोखरच फारसे सुंदर नव्हते. पण महिन्याचा खर्च बारा हजारांत भागवणाऱ्या घरातल्या बाईला कोणी रोज बिर्याणी का करत नाहीस असे विचारत नाही.

याच काळात, २०१४ मध्ये, मुंबईत दुसरा फुटबॉल संघ आला. इंडियन सुपर लीग सुरू झाली आणि मुंबई सिटी एफसी हा संघ मोठ्या थाटात नवी मुंबईच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर उतरला. प्रशिक्षक पीटर रीड. हे नाव मोठे. एव्हर्टनचे दोनदा लीग विजेते, १९८६ च्या विश्वचषकात इंग्लंडकडून खेळलेले, आणि मँचेस्टर सिटी, संडरलंड, लीड्स यांचे मॅनेजर. पनवेल-पेणपासून रोह्यापर्यंतची पोरे पहिल्यांदाच प्रत्यक्ष मैदानावर परदेशी तारे बघायला गेली. आठ संघांत मुंबई सिटी सातवी आली. रीड एका मोसमानंतर परत गेले. त्याच शहरात खालिद आपल्या सातातल्या सहाव्या मोसमाच्या तयारीला लागले होते, आणि त्यांना ओळखणारे किती होते?

गिरणगावाच्या भाषेत एक शब्द आहे : बदली. आमच्या कोकणातून गिरणीत गेलेल्या पिढीला तो पाठ होता. बदली कामगार सकाळी गेटवर येऊन उभा राही. कायम कामगारांपैकी कोणी आला नाही तर त्याचे साचे याला मिळत. काम तेच, कौशल्य तेच, कित्येकदा अधिकच. पण जागा त्याची नव्हे. कायम माणूस परतला की याने निघायचे. आज धाटावच्या एमआयडीसीत कंत्राटी मुलांचे वेगळे काय चालले आहे? दहा-दहा वर्षे एकाच रिअ‍ॅक्टरवर काम केलेला ऑपरेटर, आणि नाव मात्र कंत्राटदाराच्या वहीत. भारतीय फुटबॉलमध्ये भारतीय प्रशिक्षक हा असा बदली कामगार होऊन बसला आहे, आणि खालिद यांची पुढची सगळी हकीकत याच एका शब्दाभोवती फिरते.

हे नेहमीच असे नव्हते, म्हणून रहीमसाहेब. हैदराबादचे हे शाळामास्तर. १९५१ च्या दिल्लीच्या आशियाई खेळांत भारताला सुवर्णपदक मिळाले, १९५६ च्या मेलबर्न ऑलिम्पिकमध्ये भारत चौथा आला, आणि ४ सप्टेंबर १९६२ रोजी जकार्तात दक्षिण कोरियाला २-१ ने हरवून पुन्हा सुवर्ण. तिन्ही वेळा प्रशिक्षक तेच. शेवटच्या सुवर्णानंतर वर्षही पुरे झाले नाही, ११ जून १९६३ रोजी कर्करोगाने ते गेले. ‘मैदान’ हा २०२४ चा सिनेमा आला म्हणून नव्या पिढीला त्यांचे नाव तरी कळले. त्यांच्यानंतर हॅरी राइट हे इंग्रज प्रशिक्षक आले, १९६४ च्या आशियाई चषकात भारत उपविजेता ठरला. तो संघ घडला होता रहीमसाहेबांच्या हाताखाली. पुढच्या दशकांत पी. के. बॅनर्जी, सय्यद नईमुद्दीन, सुखविंदर सिंग असे भारतीय प्रशिक्षकही झाले. पण हळूहळू एक समजूत घट्ट होत गेली, की मोठे काम परदेशी माणसाचे आणि त्याच्या येण्याजाण्यातली फट बुजवणे आपल्या माणसाचे. गोव्याचे सावियो मदेरा २०१२ मध्ये पायउतार झाले. त्यानंतर डच, इंग्रज, क्रोएशियन, स्पॅनिश अशी रांग लागली.

२०१६ च्या मोसमानंतर मुंबई एफसीने खालिद यांना सोडले. सात वर्षे वाचवलेल्या संघाला आता काहीतरी नवे हवे होते.

ते ऐझॉलला गेले. ऐझॉल एफसी मागच्याच मोसमात आय-लीगमधून खाली पडलेला. परत घेतला गेला तो केवळ गोव्याच्या जुन्या क्लबांनी महासंघाशी भांडून लीग सोडली म्हणून. म्हणजे संघही बदलीवरच आलेला. खालिद यांनी सोबत मुंबई एफसीतले ओळखीचे काही खेळाडू नेले, त्यांत जयेश राणे आणि आशुतोष मेहता. सीरियाचा महमूद अल-अमना मधल्या फळीत, लायबेरियाचा आल्फ्रेड जारयान कर्णधार, आणि बाकी बहुतेक मिझो पोरे, डोंगरउतारावर वाढलेली, नव्वद मिनिटे धावूनही न दमणारी. ख्रिस्ती बहुसंख्य असलेल्या त्या छोट्या राजधानीत मुंबईच्या या नमाजी माणसाने घर केले. त्याचा धर्म कोणता यापेक्षा शनिवारच्या सामन्यात बचावाला कोण खेळणार, याची तिथे अधिक चर्चा होती.

आणि या संघाने जिंकायला सुरुवात केली. मोठ्या फरकाने कधीच नाही. एक-शून्य, दोन-एक. खाली पडण्यापासून वाचायचे म्हणून आलेला संघ मार्चमध्ये वरच्या तिघांत होता. एप्रिलमध्ये तो आणि मोहन बागान समान गुणांवर होते. २२ एप्रिल २०१७, ऐझॉलचे राजीव गांधी स्टेडियम. समोर मोहन बागान. ८३ व्या मिनिटापर्यंत गोलफलक कोरा होता. मग झोहमिंगलियाना राल्ते या बचावपटूने उडी मारून हेडर मारला आणि डोंगरातले ते स्टेडियम उसळले. ऐझॉल तीन गुणांनी पुढे गेले.

शेवटचा सामना ३० एप्रिलला शिलाँगमध्ये, लाजोंगविरुद्ध. बरोबरी पुरेशी होती. नवव्याच मिनिटाला लाजोंगने गोल केला. तिकडे कलकत्त्यात मोहन बागान आपला सामना खेळत होते. मध्यंतर झाले तरी गोल नाही. ६७ व्या मिनिटाला विल्यम लालनुनफेलाने बरोबरी साधली. उरलेली वीस-पंचवीस मिनिटे म्हणजे मुंबई एफसीच्या सात वर्षांचा गोषवारा होता. दार लावून घेणे हेच काम होते, आणि ते यांच्याइतके कोणाला येत होते? सामना १-१. ऐझॉल ३७ गुण, मोहन बागान ३६. ईशान्य भारतातला संघ पहिल्यांदा देशाचा विजेता झाला. इंग्लंडात आदल्या वर्षी लेस्टर सिटी जिंकली होती, म्हणून सगळ्यांनी ऐझॉलला भारताचे लेस्टर म्हटले. मला क्लफचे फॉरेस्ट अधिक जवळचे वाटते. खालून आलेला संघ, दुसऱ्याच मोसमात शिखर, आणि मागे दुखापतीने खेळ संपवलेला एक माणूस.

त्याच मोसमात लीगच्या तळाशी कोण होते? मुंबई एफसी. खालिद गेल्यानंतर पहिल्याच वर्षी संघ खाली पडला आणि नंतर क्लबच बंद झाला.

विजेत्या ऐझॉलला सुपर लीगमध्ये मात्र जागा मिळाली नाही. तिथे खेळण्याने प्रवेश नव्हता, पैसे भरून होता.

पुढची तीन-चार वर्षे झरझर सांगून टाकतो, कारण त्यांत फार काही घडले नाही. ईस्ट बंगालकडे एक मोसम, चौथा क्रमांक. मग मोहन बागानकडे अर्धा मोसम. तरुणपणी ज्या दोन क्लबांना नकार दिला, तिथे प्रशिक्षक म्हणून जाणे झाले आणि दोन्हीकडे अपेक्षांचे ओझे त्यांच्या पद्धतीला मानवले नाही. कलकत्त्याच्या प्रेक्षकाला जिंकायचे असते आणि तेही सुंदर खेळून. २०१९ मध्ये ते सुपर लीगमधल्या नॉर्थईस्ट युनायटेडकडे गेले. देशाचा विजेता प्रशिक्षक, आणि काम सहायकाचे.

जानेवारी २०२१ मध्ये नॉर्थईस्टने स्पॅनिश प्रशिक्षक जेरार्ड नूस यांना मोसमाच्या मध्यावर काढले. कायम माणूस गेला, गेटवरच्या बदलीला आत बोलावले. कोरोनाच्या त्या मोसमात सगळे सामने गोव्यात, रिकाम्या मैदानांवर होत होते. खालिद यांच्या हाताखाली संघ साखळीतला एकही सामना हरला नाही आणि उपान्त्य फेरीत पोहोचला. तिथे एटीके मोहन बागानकडून पराभव झाला. भारतीय प्रशिक्षकाने सुपर लीगच्या बाद फेरीत संघ नेण्याची ती पहिली वेळ. त्याच वर्षी ऑक्टोबरात क्लबने त्यांना पूर्णवेळ मुख्य प्रशिक्षक केले. लीग सुरू होऊन सात मोसम झाले होते, आणि तोवर एकाही भारतीयाला ही नेमणूक मिळालेली नव्हती. पुढचा मोसम वाईट गेला. अकरांत दहावे. करार संपला, ते खालच्या श्रेणीत बंगळुरू युनायटेडकडे गेले. परदेशी प्रशिक्षकाचा एक मोसम वाईट गेला तर त्याला दुसऱ्या शहरात दुसरा क्लब मिळतो. आपला माणूस पुन्हा खालच्या पायरीवर.

२०२३ च्या अखेरीस जमशेदपूरचा संघ घसरला होता आणि प्रशिक्षक स्कॉट कूपर यांना जावे लागले. कूपरही इंग्रज. पुन्हा एकदा इंग्रजाने सोडलेल्या खुर्चीवर खालिद बसले. कारखान्याभोवती वाढलेले शहर, टाटांचा क्लब, शिफ्ट सुटल्यावर मैदानाकडे वळणारी माणसे. या शहराशी त्यांचे जुळले. २०२४-२५ च्या मोसमात जमशेदपूर साखळीत पाचवे आले, बाद फेरीत नॉर्थईस्टला त्यांच्याच मैदानावर हरवले, आणि उपान्त्य फेरीत मोहन बागानविरुद्ध घरचा सामना २-१ ने जिंकून परतीच्या सामन्यात हरले. सुपर कपची अंतिम फेरीही गाठली. महासंघाने सलग दोन वर्षे त्यांना सर्वोत्तम प्रशिक्षक ठरवले.

मग भारतीय संघाची नेमणूक. आणि इथे पोस्टरवाल्यांनी न पाहिलेली गोष्ट पाहावी लागते : ती कधी झाली? संघ आशियाई चषकाच्या पात्रता फेरीत अडखळलेला, स्पॅनिश प्रशिक्षक मानोलो मार्केझ बाजूला झालेले. जुलैमध्ये तर सुपर लीगचा पुढचा मोसमच अनिश्चित काळासाठी थांबवला गेला होता, कारण महासंघ आणि लीग चालवणारी कंपनी यांच्यातल्या कराराचा प्रश्न सुटत नव्हता. खेळाडू घरी बसलेले, क्लबांचा सराव बंद, कोणाचा पगार चालू, कोणाचा नाही. गिरणीत संप असताना बदलीला कायम केल्यासारखे हे झाले. हा सन्मान नव्हता असे मी म्हणत नाही. सन्मान होताच, उशिरा आलेला आणि अडचणीच्या वेळी आलेला. क्लफला इंग्लंडचे पद कधीच मिळाले नाही. १९७७ मध्ये मुलाखत झाली आणि रॉन ग्रीनवूड यांना घेतले गेले. त्या मानाने खालिद नशीबवान.

सुरुवात चांगली झाली. २९ ऑगस्टला ताजिकिस्तानात काफा नेशन्स कपमध्ये यजमानांना २-१ ने हरवले. इराणकडून ०-३, अफगाणिस्तानशी बरोबरी, आणि तिसऱ्या क्रमांकासाठी ओमानविरुद्ध १-१ नंतर पेनल्टींवर ३-२ ने विजय. मोहन बागानने आपले खेळाडू सोडलेच नव्हते. तरीही संघ क्रमवारीत वरच्या ओमानला पुरून उरला. जुने खालिद दिसले. हाती आहे त्यात भागवणारे.

ऑक्टोबरमध्ये ते भागेना. सिंगापूरमध्ये १-१, आणि १४ ऑक्टोबरला मडगावच्या फातोर्डा मैदानावर, घरच्या प्रेक्षकांसमोर, एका गोलाची आघाडी घेऊनही १-२. आशियाई चषक हुकला. १८ नोव्हेंबरला ढाक्यात बांगलादेशकडून ०-१. बांगलादेशने भारताला हरवल्याला २२ वर्षे झाली होती. आमच्या गटांवर त्या रात्री शुकशुकाट होता. दुसऱ्या दिवशी कोणीतरी लिहिले की परदेशी कोच आणा. ऑगस्टमध्ये पोस्टर टाकणाऱ्यांपैकीच एक.

खालिद यांचीही जबाबदारी आहे, ती नाकारण्यात अर्थ नाही. आघाडी मिळाल्यावर मागे सरकण्याची सवय मुंबई एफसीला वाचवत होती, सिंगापूरविरुद्ध तिने घात केला असे मला वाटते. वाचण्यासाठी शिकलेली विद्या जिंकण्यासाठी पुरतेच असे नाही. पण ज्या देशात तेव्हा लीगच सुरू नव्हती, तिथल्या प्रशिक्षकाला पराभवाचा हिशेब मागताना लीग का सुरू नव्हती, हेही कोणाला तरी विचारायला हवे.

धाटावला सुट्टीच्या दिवशी खेळणाऱ्या पोरांपैकी एकाने मला विचारले, खालिदसरांसारखे व्हायचे तर सुरुवात कुठून करायची? मी त्याला त्यांचाच रस्ता सांगायला लागलो आणि थांबलो. रोव्हर्स चषक २०००-०१ नंतर झालाच नाही. ज्या महिंद्रने १९६२ पासून संघ चालवला, त्यांनी तो २०१० मध्ये बंद केला. एअर इंडियाला २०१३ मध्ये क्लब परवान्याच्या अटींत न बसल्याने आय-लीगमधून वगळले. मुंबई एफसी २०१७ मध्ये खाली पडला आणि नंतर राहिलाच नाही. ऐझॉलने जिंकलेली आय-लीग पुढे दुसऱ्या श्रेणीची स्पर्धा झाली. शाळेत संघ आहे का, असे मी त्याला विचारले. तो म्हणाला, पीटीचे सर निवृत्त झाले, त्यांच्या जागी अजून कोणी आलेले नाही.